रेघेपासून वीतभर

आमच्या मैदानावर धावपट्टी राखणारा एक माणूस होता. मुलं त्याला फक्कीकाका म्हणत. मैदानावर रेघा मारायच्या चुन्याच्या भुकटीला फक्की म्हणतात. ती त्याच्या भुवयांत, कानाच्या पाळ्यांत, चपलेच्या अंगठ्यात कायम बसलेली असे. त्याची बायको म्हणायची, "हे घरी येत नाहीत, घरभर सांडतात."

मी बत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मैदानावर गेलो. पहिल्याच दिवशी त्यानं हटकलं.

"आतल्या लेनमधून चालू नका. ती धावणाऱ्यांची आहे."

"इथं तर कुणीच धावत नाहीये."

"येतील."

मी बाहेरच्या लेनमधून चालू लागलो. आठवड्याभरानं त्यानं स्वतःच्या थर्मासमधला चहा पुढे केला. महिन्याभरात आम्ही एकमेकांना अरेतुरे करू लागलो. तो मला नुसतं फिटर म्हणायचा.

सकाळी पाचला तो यायचा. आधी झाडू, मग पाणी, मग रोलर. रोलर दोन माणसांचा होता, तो एकटा ओढायचा. मी एकदा हात लावायला गेलो तर म्हणाला, "दोघांचा जोर सारखा नसतो. माती कमीजास्त दबते." मला राग आला नाही. माझ्या हत्यारांना मीही कधी कुणाला हात लावू दिला नव्हता.

त्याआधी तो गवंडी होता. बावीस वर्षं भिंती बांधल्या. गुडघा गेला तेव्हा क्रीडा मंडळानं त्याला मैदान सांभाळायला दिलं. तेव्हा तिथं नुसतं गवत होतं. मंडळाच्या सेक्रेटरींनी धावपट्टीच्या मापांचा एक कागद त्याच्या हातात ठेवला आणि ते निघून गेले. यानं खुंटी ठोकली, तिला तार बांधली, तारेला मापावर गाठ मारली आणि कंपासासारखी तार फिरवून दोन्ही वळणं आखली. गाठ फिरली तिथं फक्की टाकली. फाटकाजवळ पत्र्याची पाटी लावली आणि अक्षरं स्वतः रंगवली: एक फेरी ४०० मीटर. पाटीला दर वर्षी नवा रंग लागायचा. पाटीबद्दल कुणी बरं बोललं की तो ऐकलं नाही असं दाखवायचा, आणि जरा वेळानं विचारायचा, "काय म्हणालात?"

माणसं त्याला पावलांवरून कळत. पाणी मारून दाबलेल्या मातीवर पाऊल स्पष्ट उठतं. त्याच्याकडे एक काठी होती, तिच्यावर बोटाबोटाच्या अंतरानं खाचा होत्या. तिनं तो दोन पावलांमधलं अंतर मोजायचा. कुणाची टाच आधी टेकते, कुणाचा डावा पाय बाहेर पडतो, कोण तिसऱ्या फेरीला ढेपाळतो, हे तो पोराचं तोंड न बघता सांगायचा. मैदानाच्या कडेला त्याची सामानाची खोली होती, तिथं दोरीला टांगलेली एक वही होती. तिच्यात मैदानावर लागलेली प्रत्येक वेळ लिहिलेली असायची.

एका दुपारी तो दात खात माझ्याकडे आला. नुकतीच दाबून वाळायला सोडलेली पट्टी कुणीतरी तुडवली होती, तीही अनवाणी. कुठल्या गाढवाचं काम आहे ते बघतोच, म्हणत तो पावलांच्या मागे गेला. अर्ध्या वळणावर तो थांबला, आणि दुखरा गुडघा विसरून खाली बसला.

"फिटर, इकडे ये. काय दिसतंय?"

"पावलं."

"ते मलाही दिसतंय. टाच कुठंय?"

टाच कुठेच नव्हती. पूर्ण चार फेऱ्या, आणि एकाही पावलाला टाच नाही. त्यानं काठी लावली. पहिल्या फेरीचं अंतर आणि चौथ्या फेरीचं अंतर यांत एका बोटाचाही फरक नव्हता. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी त्याला उठवायला मलाच हात द्यावा लागला.

पावलं कुंपणाच्या भिंतीकडे जात होती. भिंतीपलीकडे एक लाँड्री होती. लाँड्रीवालीची मुलगी तेरा वर्षांची. गिऱ्हाइकांचे इस्त्रीचे कपडे पोचवायला ती मैदानातून जवळची वाट काढायची. दुसऱ्या दिवशी तिला आम्ही भिंतीवर बसलेली पकडली.

"काल पट्टीवरून तू पळालीस?"

"नाही."

"पाय दाखव."

तिनं पाय दाखवले. मातीचा रंग अजून नखांत होता.

"चार फेऱ्या कशाला मारल्यास?"

"कपडे पोचवून झाले होते," ती म्हणाली. जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

"माझी पट्टी खराब केलीस," काका म्हणाला. "उद्या सकाळी सहाला ये आणि परत खराब कर."

त्या दिवसापासून तिचं नाव बिनटाच पडलं.

तिच्या आईला पटवणं सोपं नव्हतं. ती इस्त्री चालवता चालवता बोलायची, आणि बोलणं आवडलं नाही की पाणी जोरात शिंपडायची.

"पळून काय होणार आहे, भाऊ? ती तशीही घरात थांबत नाही."

"ताई, अशी पावलं मी आजवर बघितली नाहीत."

"माझ्या उंबऱ्यात रोज बघते मी. फरशी पुसते कोण?"

काका हसला. मग म्हणाला, "मी फक्त मैदान करतो. माणूस घडवणं मला येत नाही. ज्यांना येतं त्यांच्याकडे हिला नेऊ द्या, एवढंच मागतोय."

त्याचा हा गुण मला सगळ्यांत आवडायचा. स्वतःचं काम कुठं संपतं ते त्याला माहीत होतं.

तो तिला शाळेतल्या खेळाच्या बाईंकडे घेऊन गेला. बाई स्वतः एके काळी आठशे मीटर धावलेल्या. त्यांनी तिला पळताना पाहिलं, आणि पहिलं वर्षभर तिला एकाही स्पर्धेत उतरवलं नाही. आठवड्यातून तीन दिवस धावणं, दोन दिवस व्यायाम, उरलेले दिवस सुट्टी. काकाला दम धरवेना.

"बाई, ती रोज यायला तयार आहे."

"ती तयार आहे, तिची हाडं तयार नाहीत. वाढीचं वय आहे. आत्ता घाई केली तर सतराव्या वर्षी लंगडेल."

दुसऱ्या वर्षी तिच्या नडगीत दुखू लागलं तेव्हा बाईंनी तिला पाच आठवडे बसवलं. ती फुगून बसली. काकानं तिच्यापुढे चाळण ठेवली आणि पट्टीसाठी माती चाळायला लावली. "हात रिकामे, तोंड वाकडं. त्यापेक्षा हे बरं." ती चाळायची आणि आम्हा दोघांच्या चालण्याच्या नकला करायची. माझी नक्कल जरा जास्तच चांगली व्हायची. तिच्या स्पाइक्सच्या बुटांना खिळे बसेनात, तेव्हा मी नवे आटे पाडून दिले. माझा हातभार एवढाच. आई रोज सकाळी दोन उकडलेली अंडी रुमालात बांधून द्यायची आणि त्यातलं एक बिनटाच काकाला देत नाही ना, यावर भिंतीवरून नजर ठेवायची.

तिसऱ्या वर्षी बाईंनीच सांगितलं, "माझ्याकडून होतं तेवढं झालं. पुढचं शिकवणं मला जमणार नाही. हिला वसतिगृहात जायला हवं."

मोठ्या शहरात एक क्रीडा वसतिगृह होतं. प्रशिक्षक, डॉक्टर, जेवण, शाळा, सगळं एका जागी. तिथल्या निवडीच्या मॅडम वर्षातून एकदा गावोगाव फिरून चाचणी घेत. सोळा वर्षांखालच्या मुलींना आठशे मीटरसाठी दोन मिनिटं बावीस सेकंद. त्याच्या आत आलात तर घेतलं, नाही तर नाही. बिनटाच पुढच्याच महिन्यात सोळा पूर्ण करणार होती. म्हणजे ही पहिली चाचणी आणि हीच शेवटची. आणि तिचं सुदैव असं की चाचणी आमच्याच मैदानावर होती.

चाचणीच्या आधी काका दोन दिवस घरी फक्त झोपायला गेला. पट्टी काचेसारखी केली. रेघा इतक्या सरळ की मी वाकून, एक डोळा मिटून पाहिल्या आणि मला खोट काढता आली नाही.

सहा मुली धावल्या. बिनटाच पहिल्या वळणापासून पुढे होती आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली. दुसरी आली ती पंधरा पावलं मागे. मॅडमनी घड्याळ पाहिलं, शेजारच्या सहायकाचं घड्याळ पाहिलं, आणि बाईंना हळूच सांगितलं, "दोन बावीस, आणि वर तीन दशांश."

बाईंनी मान खाली घातली. बिनटाच गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. तिनं वर पाहिलं, तिला कळलं. ती रडली नाही. भिंतीशी जाऊन आईजवळ बसली. आईनं तिला अंडं सोलून दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं.

मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे. पण एकीला तीन दशांश सोडले तर दुसरीला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" यात चुकीचं काहीच नव्हतं.

दुपारी सगळे जेवायला गेले. काका खोलीत शिरला आणि मी तिथं ठेवलेली माझी पोलादी टेप घेऊन बाहेर आला.

"तीन दशांश म्हणजे तिचं एक पाऊल," तो म्हणाला. "ते कुठं गेलं?"

"अरे, कमी पडलं. पडतं कधीकधी."

"टेप धर."

आम्ही रेघेवरून पूर्ण फेरी मोजली. वळणावर टेप वाकत नाही, म्हणून तिथं छोटे छोटे तुकडे घेतले. बरोबर चारशे मीटर. काकाच्या चेहऱ्यावर पाटीचं कौतुक ऐकल्यासारखं काहीतरी येऊन गेलं. मी टेप गुंडाळू लागलो. तेवढ्यात तो थांबला. खाली बघत होता.

तिची पावलं. टाच नाही म्हणून ती लगेच ओळखू येत होती. स्पाइक्सचे सहा खिळे, पुन्हा सहा खिळे. रेघेवर एकही नाही. रेघेच्या बाहेर, वीतभर अंतरानं, पूर्ण फेरीभर.

"फिटर," तो म्हणाला, "रेघेवरून कोण धावतं रे?"

मला पटकन कळलं नाही. त्याला कळलं होतं.

"टेप तिच्या पावलांवरून लाव."

लावली. चारशे एक मीटर आणि सव्वीस सेंटीमीटर. दोन फेऱ्यांत अडीच मीटर. तिचं जवळजवळ दीड पाऊल.

तो खोलीत गेला. एकोणीस वर्षांपूर्वीचा मापांचा कागद त्यानं पत्र्याच्या पेटीतून काढला. आकडे बरोबर होते. पण ते माप रेघेचं नव्हतंच, धावणाऱ्याच्या वाटेचं होतं. रेघ त्याच्या वीस सेंटीमीटर आत यायला हवी, असं कागदाच्या तळाशी एका ओळीत लिहिलेलं होतं. त्यानं तेव्हाही ती ओळ वाचली असणार. पण तो गवंडी. गवंड्याची दोरी जिथं, तिथंच विटेची कड. दोरी एकीकडे आणि भिंत दुसरीकडे, असं त्यानं बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं. तारेची गाठ फिरली तिथंच त्यानं डोळे झाकून फक्की टाकली. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. इतकं नेमकं चुकायला तितकाच नेमका हात लागतो.

तो स्टुलावर बसला. मी त्याच्या हातात चहा दिला. तो प्यायला नाही.

"मंडळाला काय सांगशील?" मी विचारलं. पाटी माझ्या डोळ्यांपुढे होती. त्याच्याही असणार.

"मंडळाचं नंतर बघू. पोरगी सोळाची होतेय."

तो उठला, कागद घेतला, आणि मॅडम जेवत होत्या तिथं गेला. मीही मागे गेलो. त्यानं टोपी काढली.

"मॅडम, पट्टी लांब आहे. चूक माझी आहे. पोरगी आठशेपेक्षा जास्त धावलीय."

मॅडमनी घास खाली ठेवला. कागद वाचला, टेप मागितली, स्वतः येऊन एक वळण मोजलं.

"काका, हिशेबानं मी कुणाला पास करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "अंतर वजा करून वेळ लावायची सोय नाही. तिला बरोबर पट्टीवर धावावं लागेल."

"आत्ता धावते," बिनटाच म्हणाली. ती कधी आली होती कुणास ठाऊक. अंडं अजून हातातच होतं.

"आत्ता नाही," मॅडम आणि बाई एकदमच म्हणाल्या. मग मॅडम म्हणाल्या, "पंधरा वर्षांच्या मुलीला मी एका दिवसात दोनदा आठशे धावायला लावत नाही. परवा सकाळी आम्ही याच रस्त्यानं परत जाणार. आठ वाजता थांबेन. पट्टी मी मोजणार, मगच ती धावेल."

दुसरा दिवस आमचा गेला तो पहिली रेघ हलवण्यात. जुनी फक्की नुसती झाडून जात नाही, माती खरवडावी लागते. मग नवी माती, पाणी, रोलर. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मला रोलरला हात लावू दिला. "दोघांचा जोर सारखा नसतो," मी म्हटलं. "गप ओढ," तो म्हणाला.

वळणासाठी मधल्या खुंटीपाशी कुणीतरी तारेचं टोक पक्कं धरून बसायला हवं होतं. बिनटाच पुढे झाली तर काकानं तिला हाकललं. "तू पाय वर करून पड." शेवटी तिची आई लाँड्री बंद करून आली. उन्हात पदर डोक्यावर घेऊन खुंटीपाशी बसली आणि दोन्ही हातांनी तार धरून ठेवली.

"हलू नका हं ताई."

"तुमची फक्की हलेल, मी नाही हलणार."

गाठीवर माप, गाठीपासून वीतभर आत फक्की. तो हे मोठ्यानं म्हणत होता, शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसं.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी पूर्ण फेरी स्वतः मोजली, रेघेबाहेर वीस सेंटीमीटर सोडून. आम्ही उभे राहिलो. मला कारखान्यातल्या तपासणीची आठवण झाली.

"चारशे मीटर, चार सेंटीमीटर," त्या म्हणाल्या.

"जास्त चालेल," काका म्हणाला. "कमी नको."

"बरोबर. कमीच चालत नाही."

बरोबर धावायला शाळेतल्या दोन मुली आल्या होत्या, त्या पहिल्या फेरीतच मागे पडल्या. दुसरी फेरी बिनटाच एकटीच धावली. शेवटच्या वळणावर काका खाली वाकला. मला वाटलं गुडघा दुखला. तो तिची पावलं बघत होता. "टाच नाही," तो स्वतःशीच म्हणाला. "अजून नाही."

दोन मिनिटं, एकवीस सेकंद, सहा दशांश.

आईनं विचारलं, "म्हणजे झालं का?" बाई म्हणाल्या, "झालं." मग आईनं मुलीला पहिली गोष्ट विचारली ती ही, की तिथं कपडे कोण धुतं.

महिन्याभरानं ती गेली. इथपर्यंतची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. पुढची फारशी कुणाला नाही.

काकानं दोरीची वही खाली काढली आणि एकोणीस वर्षांच्या वेळा वाचत बसला. आमच्या मैदानावरच्या चाचणीत अर्ध्या सेकंदाहून कमी फरकानं हुकलेली चार नावं निघाली. त्यानं मला पत्ते शोधायला लावले आणि चौघांना स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. मजकूर एकच. पट्टी लांब होती, चूक माझी होती, तुमची वेळ धरायला नको होती. मी म्हटलं, "इतक्या वर्षांनी कशाला उकरतोस? त्यांना काय मिळणार?" तो म्हणाला, "त्यांना वाटत असेल आपणच कमी पडलो. ते तरी जाईल."

एक पत्र परत आलं. दोघांची उत्तरं आली, चांगली होती. चौथ्याचं उत्तर आलं नाही. तो स्वतःच आला.

बसच्या आगारात मेकॅनिक होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कामाच्या कपड्यांतच आलेला. अकरा वर्षांपूर्वी त्याचे दोन दशांश हुकले होते. काका टोपी काढून उभा राहिला.

मेकॅनिकच आधी बोलला. "काका, तुमचं पत्र मिळालं. पण तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत. त्या दिवशी दुसऱ्या वळणावर मी मागे वळून बघितलं होतं. तिथंच गेली माझी वेळ. आजवर घरीसुद्धा सांगितलं नाही. लाज वाटायची."

"दुसऱ्या वळणावर?"

"हो. पट्टीचा काही संबंध नाही."

काकानं त्याला चहा दिला. दोघं बाहेरच्या लेनमधून एक फेरी चालले. मेकॅनिक बसच्या इंजिनांबद्दल बोलत होता, काका मान डोलावत होता. जाताना तो काकाच्या पाया पडला आणि काकाच्या हातावरची फक्की त्याच्या केसांना लागली.

तो फाटकाबाहेर गेल्यावर मी म्हटलं, "बघ. उगाच जीव जाळलास. त्यानंच मागे बघितलं होतं."

काका थर्मासचं झाकण पुसत होता. अगदी कोरडं होईपर्यंत पुसलं.

"दुसऱ्या वळणावर मीच उभा होतो, फिटर," तो म्हणाला. "नव्हतं बघितलं त्यानं."